पीअरची पत: सबस्ट्रेटच्या नेटवर्क कोडमध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी

रताळ्याच्या दिवसांत बेळगावच्या एपीएमसी यार्डात पहाटे गेलात तर एक गोष्ट दिसेल. पोत्याचं तोंड सोडल्यावर वर आलेली मोठी, तांबूस रताळी दलाल नुसती बघून सोडून देतो. मग कोपरापर्यंत हात आत घालतो, तळातलं एक रताळं ओढून काढतो, अंगठ्याने माती पुसतो आणि मोडून बघतो. आत काळं निघालं की तोंडाने काही बोलत नाही, पण त्या शेतकऱ्याचं पुढचं पोतं सगळं उलटं केल्याशिवाय भाव सांगत नाही. ही नोंद कुठल्या फळ्यावर लागत नाही. ती त्या दलालाच्या डोक्यात राहते. शेजारच्या अडतीतला दुसरा दलाल त्याच शेतकऱ्याला वेगळ्या नजरेने बघत असतो. आणि पुढे दोन-चार महिने माल चांगला आला की जुनी गोष्ट मागे पडते.

ब्लॉकचेनच्या नेटवर्क कोडमध्ये पीअर रेप्युटेशन म्हणतात ते जवळजवळ हेच आहे. ब्लॉकचेन ज्या संगणकांवर चालते त्यातला प्रत्येक म्हणजे नोड, आणि त्याच्याशी जोडलेला दुसरा नोड म्हणजे त्याचा पीअर. मी त्याला पत म्हणतो, कारण आपल्याकडे हा शब्द आधीपासून आहे आणि तो बरोबर बसतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या ज्या मुलामुलींनी रस्ट भाषा थोडीफार शिकून घेतली आहे आणि आता सबस्ट्रेटवर स्वतःचा एखादा नेटवर्क प्रोटोकॉल लिहून बघायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सबस्ट्रेट ही पॅरिटी टेक्नॉलॉजीजने बनवलेली ब्लॉकचेन बांधण्याची चौकट. २०२३ पासून तिचा कोड पोलकाडॉट एसडीके या एकाच मोठ्या रिपॉझिटरीत आहे. कोडमधली नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत; शोधताना ती रोमन लिपीत टाइप करा.

पायरी १: ही वही कोणाची, ते आधी पक्कं करा

नव्याने येणारे जवळजवळ सगळे इथे एकच चूक करतात. त्यांना वाटतं, प्रत्येक पीअरची पत साखळीवर कुठेतरी लिहिलेली आहे आणि सगळं नेटवर्क तीच वाचतं. तसं काही नाही. प्रत्येक नोड आपापली वही ठेवतो. तुमच्या नोडने एखाद्याला बंदी घातली, तरी शेजारच्या नोडला त्याचा पत्ता नसतो, आणि तुम्ही त्याला सांगायलाही जात नाही. सांगितलंत तरी त्याने तुमच्यावर विश्वास का ठेवावा? खोटी चहाडी करून चांगल्या नोडला बाहेर काढणं मग फार सोपं झालं असतं. म्हणून प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलंच धरायचं, एवढा साधा नियम आहे.

दुसरं, पत चिकटलेली असते ती पीअर आयडीला. हा आयडी नोडच्या सार्वजनिक किल्लीतून निघतो. माणसाला किंवा आयपी पत्त्याला ती चिकटत नाही. नवी किल्ली बनवायला क्षणभरही लागत नाही, म्हणजे बदनाम झालेला नोड नवं नाव घेऊन शून्यावरून परत येऊ शकतो. पतीची वही हजार खोट्या नावांचा हल्ला थांबवत नाही. त्यासाठी जोडण्यांच्या जागा मर्यादित ठेवणं वगैरे वेगळे बंदोबस्त असतात. हे सुरुवातीलाच मनात ठेवलंत तर वहीकडून नको ती अपेक्षा राहणार नाही.

तिसरं, ही वही मेमरीत असते. नोड बंद करून पुन्हा सुरू केला की पाटी कोरी.

पायरी २: एक फाइल नीट वाचा

रिपॉझिटरीत सबस्ट्रेट, त्यात क्लायंट, त्यात नेटवर्क, त्यात सोर्सच्या फोल्डरमध्ये पीअर स्टोअर नावाची फाइल आहे. सगळा नेटवर्क कोड समजून घ्यायच्या नादाला लागू नका. ही एक फाइल एका दुपारी वाचून होते आणि पतीचा जीव तिच्यातच आहे.

पत म्हणजे ३२ बिटांचा चिन्हासह पूर्णांक. शून्य म्हणजे अनोळखी. वर जास्तीत जास्त २१४ कोटींच्या पुढे, खाली तेवढंच उणे. बेरीज अशी केली जाते की टोकाला पोचल्यावर आकडा उलटून दुसऱ्या बाजूला जात नाही, टोकावरच अडून राहतो. पतीत बदल सांगणाऱ्या रचनेचं नाव रेप्युटेशन चेंज. तिच्यात दोनच गोष्टी: किती, आणि का. ‘का’ म्हणजे एक छोटं वाक्य, जे पुढे लॉगमध्ये दिसतं. दंड थेट सर्वांत खालच्या टोकाला न्यायचा असेल तर न्यू फेटल नावाचा बांधणीचा मार्ग आहे. त्याला आपण प्राणघातक दंड म्हणू.

फाइलीच्या वरच्या भागात काही स्थिरांक आहेत. बंदीचा उंबरठा: सर्वांत खालच्या टोकाच्या ७१ टक्के. ऱ्हासाचा भाजक: २००, म्हणजे दर सेकंदाला पतीचा दोनशेवा भाग शून्याच्या दिशेने सरकतो. जोडणी तुटली की लागणारा किरकोळ दंड: २५६. आणि पत शून्यावर पोचल्यानंतर तासाभरात त्या पीअरची नोंद पुसली जाते. जुन्या आवृत्तीत उंबरठा ८२ टक्के आणि भाजक ५० होता, म्हणून इंटरनेटवरच्या जुन्या लेखातले आकडे डोळे झाकून घेऊ नका. तुमच्या मशीनवर जी आवृत्ती आहे तिचीच फाइल उघडा.

ऱ्हास दोन्ही बाजूंनी होतो, हे लक्षात आलं का? वाईट नाव पुसलं जातं तसं चांगलं नावही पुसलं जातं. काल दिवसभर उत्तम ब्लॉक दिले म्हणून आज कोणी सूट मागू शकत नाही. मला ही रचना फार आवडते.

पायरी ३: कागद-पेन्सिल घ्या

ही पायरी कोणी करत नाही. सगळे आकडे अंदाजाने टाकतात, ‘मोठी चूक आहे, मोठा आकडा टाकू’. पण इथला हिशेब आठवीच्या गणितापलीकडचा नाही आणि तो केल्याशिवाय तुम्ही टाकलेल्या दंडाला अर्थच नसतो.

खालचं टोक उणे २,१४,७४,८३,६४८. त्याचा शंभरावा भाग पूर्णांकात उणे २,१४,७४,८३६. त्याला ७१ ने गुणा: उणे १,५२,४७,१३,३५६. सोयीसाठी उणे १५२ कोटी धरा. पत याच्या खाली गेली की बंदी.

प्राणघातक दंड बसलेला पीअर टोकावर जाऊन बसतो. तिथून दर सेकंदाला दोनशेवा भाग कमी होत होत उंबरठ्यावर यायला त्याला ६९ सेकंद लागतात. म्हणजे जिला आपण कायमची बंदी समजतो ती खरं तर सव्वा मिनिटाचीसुद्धा नाही. मात्र ६९ व्या सेकंदाला तो पीअर निर्मळ झालेला नसतो, तो काठावर उभा असतो. त्यावेळी थोडाही मोठा दंड बसला की परत आत. पत निम्मी व्हायला साधारण १३९ सेकंद लागतात, आणि टोकापासून पूर्ण शून्यावर यायला जवळपास एक तास.

आता खरं उदाहरण घेऊ. सबस्ट्रेटच्या सिंक कोडमध्ये, म्हणजे इतरांकडून ब्लॉक आणून साखळी गाठणाऱ्या भागात, पडताळणीत नापास झालेल्या ब्लॉकला २ चा २९ वा घात इतका दंड आहे, म्हणजे ५३,६८,७०,९१२. असे तीन ब्लॉक एकापाठोपाठ आले तर १६१ कोटी होतात आणि बंदी लागते. दोनला लागत नाही. तेच ब्लॉक एकेका मिनिटाच्या अंतराने आले तर? मिनिटभरात जुना दंड सुमारे ७४ टक्के उरतो. पहिला १, दुसऱ्या वेळी १.७४, तिसऱ्या वेळी २.२९, चौथ्या वेळी २.६९, पाचव्या वेळी २.९९. उंबरठा याच मापात २.८४ आहे. म्हणजे पाचव्या ब्लॉकला बंदी. तुमच्या मनात असलेली बंदी नेमकी कितव्या चुकीला यावी, हे असं आधी काढून बघायचं असतं.

याच्या उलट टोकाला जा. विनंतीला वेळेत उत्तर आलं नाही तर सिंक कोड १०२४ इतका दंड लावतो. एखादा पीअर दर दहा सेकंदांनी असा चुकत राहिला, रात्रभर चुकत राहिला, तरी त्याची पत उणे एकवीस हजारांच्या आसपासच थांबते, कारण जेवढं वाढतं तेवढं ऱ्हासात जातं. १५२ कोटी कुठे आणि एकवीस हजार कुठे! उशिरापायी कोणालाही बंदी लागूच नये, फक्त निवडीच्या रांगेत तो मागे जावा, अशी ही मुद्दाम केलेली योजना आहे.

यातून एक हाताशी ठेवण्यासारखा आकडा निघतो. दर सेकंदाला एकदा होणाऱ्या चुकीचा दंड वाढत वाढत स्वतःच्या दोनशे पटींवर जाऊन स्थिरावतो. १५२ कोटींना दोनशेने भागा: सुमारे ७६ लाख. सेकंदाला एकदा होणाऱ्या चुकीला ७६ लाखांहून कमी दंड लावलात तर ती चूक कितीही वेळ चालली तरी बंदी येणार नाही. दहा सेकंदांतून एकदा होणाऱ्या चुकीसाठी हीच मर्यादा साडेसात कोटींच्या घरात जाते. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक दंड या रेषेच्या कुठल्या बाजूला बसतो ते वहीत लिहून काढा. मी शिकवतो त्या प्रत्येकाकडून हे कागदावर करून घेतो, आणि कागद बघितल्याशिवाय कोड बघत नाही.

पायरी ४: घरात तीन नोड उभे करा

एकाच लॅपटॉपवर तीन नोड चालतात. प्रत्येकाला वेगळा पोर्ट, वेगळं डेटाचं फोल्डर आणि ठरलेली नोड की द्या. ठरलेली की देणं महत्त्वाचं. नाहीतर फोल्डर पुसून नोड पुन्हा सुरू केलात की नवा पीअर आयडी मिळतो, आणि तुम्ही लॉगमध्ये जुन्याला शोधत बसता. पहिल्या नोडचा पत्ता बाकी दोघांना बूटनोड म्हणून, म्हणजे सुरुवातीला जोडायचा नोड म्हणून द्या.

मग लॉग. पीअर स्टोअर फाइलीच्या सुरुवातीलाच लॉग टार्गेटचं नाव दिलेलं असतं. तेच नाव लॉगच्या फ्लॅगला देऊन पातळी ट्रेस करा. आता पडद्यावर एकेक ओळ येईल: कोणत्या पीअरला, किती, बेरीज कुठे पोचली, आणि ‘रीझन’ नंतर कारण. बंदी लागली तर ओळीच्या शेवटी ‘बॅन्ड, डिस्कनेक्टिंग’ असे शब्द दिसतील. पहिले दोन दिवस काहीही न लिहिता फक्त या ओळी वाचा. गॉसिपमध्ये, म्हणजे निरोप एकाकडून दुसऱ्याकडे पसरवताना, नवा निरोप आणला की १६ वाढतात, तोच निरोप दुसऱ्यांदा आणला की ४ कमी होतात, हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. एकच निरोप दोन वाटांनी येणं हा गुन्हा नव्हे, नेटवर्कचा स्वभाव आहे. म्हणून तिथे दंड इतका बारीक आहे.

पायरी ५: स्वतःच्या प्रोटोकॉलचे दंड ठरवा

इथे मी थांबून बोलणार आहे, कारण सगळं नुकसान इथेच होतं.

खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या एका गावचा मुलगा माझ्याकडे शिकायला येत असे. हुशार. त्याने फाइलींच्या हॅशची देवाणघेवाण करणारा एक छोटा प्रोटोकॉल लिहिला. एक नोड माझ्याकडे टिळकवाडीत, एक निपाणीत त्याच्या मित्राकडे, एक त्याच्या घरी. जुलै महिना. तिकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. तारा ओल्या, लाइट ये-जा करते, नेटची लाइन मिनिटभर चालते आणि अर्धा मिनिट मरते. रात्री साडेदहाला त्याचा फोन आला, “दादा, माझा नोड कोणच घेईना झालाय. मी पण कोणाला घेईना झालोय.”

लॉग उघडला. उत्तराला दहा सेकंदांपेक्षा उशीर झाला की त्याने प्राणघातक दंड लावला होता. त्याला विचारलं, का रे? म्हणाला, “उत्तर देईना म्हणजे लबाडी करत असणार की.” लाइन मेली की त्याच्या नोडला आम्ही दोघंही मुके वाटायचो, म्हणून तो आम्हाला बंदी घालायचा. आमच्याकडे त्याचाच कोड, त्यामुळे आम्ही त्याला बंदी घालायचो. ६९ सेकंदांनी सगळे काठावर यायचे, जोडणी व्हायची, परत लाइन मरायची, परत प्राणघातक दंड. रात्रभर हाच पाळणा. तिघांपैकी एकानेही एक खोटी फाइल दिली नव्हती.

त्या रात्रीपासून मी दंड ठरवताना एकच प्रश्न विचारतो: ही चूक प्रामाणिक नोडकडून होऊ शकते का? होऊ शकत असेल तर तिच्यासाठी बंदी येता कामा नये. मग ती चूक कितीही त्रासदायक असो.

या प्रश्नाने चुका आपोआप वेगळ्या होतात. सहीच जुळत नाही, जेनेसिस ब्लॉकच (साखळीचा पहिला ब्लॉक) वेगळा आहे, तुम्ही न मागितलेला ढीगभर डेटा अंगावर टाकला आहे: हे प्रामाणिक नोडकडून चालत्या नेटवर्कवर होत नाही, आणि तुमच्याकडे त्याचा पुरावा हातात असतो. इथे मोठा दंड, वेळप्रसंगी प्राणघातक. सबस्ट्रेट जेनेसिस न जुळल्यास प्राणघातक दंडच लावतो, कारण तो पीअर मुळात वेगळ्या साखळीवरचा आहे.

उशीर, तुटलेली जोडणी, ‘सध्या माझ्याकडे नाही’ असं उत्तर: याचा पुरावा काहीच सांगत नाही. दोष त्याच्या लाइनचा असेल, तुमच्या लाइनचा असेल, मधल्या कोणाचा असेल. इथे एक-दोन हजारांपलीकडे जाऊ नका. आणि सगळे पीअर एकाच वेळी मुके झाले तर दोष बहुतेक तुमच्याकडेच आहे. माझ्या कोडमध्ये मी तशी तपासणी ठेवतो: थोड्या वेळात अर्ध्याहून जास्त पीअरकडून उशीर नोंदला गेला, तर कोणालाच दंड नाही. खानापूरच्या त्या मुलाने नंतर हीच तपासणी बसवली.

मधला एक गट फसवा आहे. तुम्हाला कळला नाही असा निरोप. तुम्ही म्हणाल, बिघडलेला निरोप, दंड! पण तो पीअर नव्या आवृत्तीवर गेला असेल आणि तुम्ही जुन्यावर असाल तर? किंवा तुम्ही अजून साखळी गाठताय, हजारो ब्लॉक मागे आहात, आणि तो आजचं बोलतोय. सबस्ट्रेटचा व्यवहारांचा भाग नोड मोठ्या सिंकमध्ये असताना आलेले व्यवहार सरळ बाजूला ठेवतो, कोणाला दोष देत नाही. तोच कित्ता गिरवा. ज्याची शहानिशा करायला तुमच्याकडे आज माहिती नाही, त्यावर निकाल देऊ नका.

त्याच व्यवहारांच्या भागातली एक युक्ती मुद्दाम बघून ठेवा. कोणीही व्यवहार पाठवला की आधी १६ वजा होतात. तपासणीत तो व्यवहार आधीच माहीत असलेला निघाला तर १६ परत मिळतात. नवा आणि चांगला निघाला तर १२८ मिळतात. खोटा निघाला तर ४०९६ जातात. तपासणीला लागणारा वेळ तुमचा जातो, म्हणून आधी अनामत ठेवून घ्यायची. ज्या ज्या ठिकाणी समोरच्याचा एक बारीक निरोप तुमच्या प्रोसेसरला मोठं काम लावतो, तिथे ही पद्धत वापरा.

बक्षिसाबद्दल थोडक्यात. बक्षीस नेहमी दंडापेक्षा लहान ठेवा. शंभर चांगल्या निरोपांच्या कमाईवर एक खोटा ब्लॉक पचवता येत असेल तर कोणीतरी तो धंदा करेलच. जे करायला समोरच्याला काहीच खर्च येत नाही, उदाहरणार्थ नुसतं ‘मी आहे’ सांगणं, त्याला बक्षीस शून्य.

हे सगळे आकडे एकाच मॉड्यूलमध्ये, एकाखाली एक, नावं देऊन लिहा. सबस्ट्रेटमध्ये सगळीकडे तसंच आहे. कोडच्या पोटात कुठेतरी सुटा आकडा लिहिलात तर सहा महिन्यांनी तो का लिहिला ते तुम्हालाच आठवणार नाही. कारणाचं वाक्यही प्रत्येक ठिकाणी वेगळं ठेवा. चार ठिकाणी ‘बॅड मेसेज’ लिहिलंत की लॉग वाचणाऱ्याला चारपैकी कोणता ते कळत नाही.

पायरी ६: दंड लावणं आणि जोडणी तोडणं वेगळं

रिपोर्ट पीअर हे फंक्शन पीअर आयडी आणि रेप्युटेशन चेंज घेतं, वहीत नोंद करतं. पत उंबरठ्याच्या वर असेपर्यंत जोडणी तशीच राहते. तुम्हाला बोलणं थांबवायचं असेल तर डिस्कनेक्ट पीअर वेगळं बोलवावं लागतं, आणि ते फक्त तुमच्या प्रोटोकॉलपुरतं चालतं. उशीर करणाऱ्या पीअरसाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो: हजारभर दंड, जोडणी सोडा, थोडं थांबून पुन्हा बघा.

बंदी मात्र एका प्रोटोकॉलपुरती नसते. वही नोडभर एकच आहे. पत उंबरठ्याखाली गेली की त्या पीअरशी चालू असलेले सगळेच प्रोटोकॉल तुटतात. तुमच्या छोट्या हॅशच्या प्रोटोकॉलने प्राणघातक दंड लावला, तर त्याच पीअरकडून चाललेलं ब्लॉक सिंक आणि सहमतीचे निरोपही बंद होतात. खानापूरच्या मुलाचा नोड साखळीतही मागे पडला होता तो यामुळेच. तुमचा कोड दुसऱ्यांच्या भाकरीवर हात टाकतो आहे, याची जाणीव ठेवून तो आकडा लिहा.

निरोपांचा पाऊस पडणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक निरोपामागे वहीला हाक मारणं जड जातं. पोलकाडॉटच्या पॅराचेन (मुख्य साखळीला जोडलेल्या साखळ्या) भागात त्यासाठी एक साठवणारा घटक आहे: किरकोळ बदल जमवून दर ३० सेकंदांनी एकदम कळवतो, दुष्टपणाचा पुरावा असला तर मात्र लगेच. तिथे दंड आणि बक्षिसं आधीच प्रतवारीत बांधली आहेत. किरकोळ चूक १ लाख, मोठी चूक ३ लाख, पुन्हा पुन्हा केली तर दुप्पट, आणि दुष्टपणा थेट तळाला. वर काढलेल्या ७६ लाखांच्या रेषेशी ताडून बघा: ३ लाखांची चूक सेकंदाला एक या गतीने चालली तरी बंदी येत नाही, पीअर फक्त यादीत खाली सरकतो. बाहेर जोडणी करताना नोड बंदी नसलेल्या पीअरमधून ज्यांची पत वरची आहे त्यांना आधी घेतो. म्हणजे बहुतेक दंडांचं खरं काम रांग लावण्याचं आहे. हाकलण्याचं काम मोजक्याच दंडांचं.

पायरी ७: पाऊस पाडून बघा

घरातल्या तीन नोडांवर सगळं सुरळीत चालतं, कारण लूपबॅकवर, म्हणजे मशीनच्या आतल्या आतल्या जोडणीवर, पाऊस पडत नाही. लिनक्सवर टीसी नावाचं साधन आहे, त्यात नेटेम. त्याने लूपबॅकवर ८०० मिलिसेकंदांचा उशीर आणि ३० टक्के पॅकेट गळती लावा आणि तासभर चालू द्या. एकदा मध्येच शंभर टक्के गळती अर्ध्या मिनिटासाठी लावून काढा. तासानंतर लॉगमध्ये ‘बॅन्ड’ हा शब्द शोधा. एकही सापडता कामा नये. सापडला तर त्याच ओळीतलं कारण वाचा आणि पायरी पाचकडे परत जा.

मग उलटं करा. तिसऱ्या नोडच्या कोडमध्ये मुद्दाम खोटी सही घाला. आता तीच ओळ सापडलीच पाहिजे, आणि तुमच्या कागदावर लिहिलेल्या क्रमांकाच्या चुकीलाच सापडली पाहिजे. तिसऱ्या चुकीला बंदी येईल असा हिशेब काढला होता आणि ती आठव्या चुकीला लागली, तर मधे कुठेतरी बक्षीस जास्त दिलं जातं आहे किंवा चुका तुम्ही मोजल्यापेक्षा दूर दूर येत आहेत. दोन्ही कसोट्या आपोआप चालतील अशा लिहून ठेवा, कारण पुढे आकडे बदलायचा मोह होणारच.

तुमच्याच नोडला बाहेरचे लोक सोडत असतील तर किल्ली बदलून नवं नाव घेऊ नका. कारण तसंच राहतं आणि चार मिनिटांत नवं नावही खराब होतं. आधी चेन स्पेकची (साखळीच्या वर्णनाची) फाइल इतरांशी जुळते का ते बघा, मग नोडची आवृत्ती, मग तुमची लाइन. आमच्या भागात बहुतेक वेळा तिसरं निघतं. अशा ठिकाणी नोड चालवायचा असेल तर ओळखीचे दोन-तीन पत्ते रिझर्व्हड नोड म्हणून द्या. त्या जोडण्या नेहमीच्या जागांमध्ये मोजल्या जात नाहीत आणि लाइन परत आली की नोड आधी त्यांच्याकडेच वळतो. जांबोटीकडच्या त्या घरात आता माझा आणि निपाणीचा पत्ता तसाच टाकलेला आहे. मागच्या पावसाळ्यात लाइन दिवसातून दहा-दहा वेळा जायची, आणि दर वेळी लाइट आल्यावर माझ्या पडद्यावर त्याच्या पीअर आयडीची ओळ येऊन पुन्हा सोळा-सोळाने वर चढायला लागायची.